सोन्याला मोड आहे, पैठणीला नाही

बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातले चकलांबा गोदावरीच्या दक्षिणेला आहे आणि नदी ओलांडून पुढे गेले की पैठण. महावस्त्राचे माहेर इतके जवळ असूनही चकलांब्यातल्या एखाद्या घराला अडीअडचणीला लग्नातली हातमागाची पैठणी विकायची झाली, तर ती न्यायची कुठे याला धड उत्तर नाही. त्याच लग्नात केलेल्या सोन्याचा मात्र प्रश्न येत नाही. सराफाकडे मोड घातली की तो काट्यावर वजन करतो, घट धरतो, त्या दिवसाचा भाव लावतो आणि पैसे हातात ठेवतो. विकायचे नसेल तर बँक ते तारण ठेवून कर्ज देते. पैठणीवर कोणतीही बँक कर्ज देत नाही. ज्या दुकानात बस्ता बांधला त्या दुकानदाराकडे साडी परत नेली तर तो फार तर दुसरी खरेदी करायला सुचवील. जुनी महागडी साडी विकायला निघालेल्या बाईला जी भावकपात सोसावी लागते तिची कारणे लोक वेगवेगळी सांगतात. कोणी म्हणते फॅशन बदलली, कोणी म्हणते लोकांना वापरलेले नको असते, कोणी म्हणते घेणाराच लबाड. या प्रत्येकात थोडे तथ्य आहे, पण मुळाशी कारण एकच दिसते. वापरलेल्या वस्तूच्या बाजारात, जे समोरच्याला तपासून घेता येते त्याचेच पैसे मिळतात. पैठणीची किंमत तिच्या विणकामात असते, आणि दुकानाची पायरी उतरल्यावर त्या विणकामाचा पुरावा तिच्याबरोबर येत नाही.

ही किंमत नेमकी कुठे बसलेली असते ते आधी पाहू. अस्सल पैठणीचा पदर धोट्याच्या एका फेकीत विणला जात नाही. नक्षीतल्या प्रत्येक रंगासाठी बाण्याची वेगळी छोटी कांडी असते आणि मोर, मुनिया किंवा अजंठ्याचे कमळ काढताना विणकर त्या कांड्या ताण्याच्या मोजक्या धाग्यांमधून हातानेच पुढेमागे नेतो. एका रंगाचा धागा शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकवून परत फिरवायचा, असे ते काम. काठही असेच, वेगळ्या धोट्यांनी अंगाशी गुंतवलेले. म्हणून अशा पदराची मागची बाजू पुढच्या बाजूइतकीच स्वच्छ असते. जॅकार्डवर किंवा यंत्रमागावर काढलेल्या नक्षीत मागे सुटे, तरंगते धागे राहतात, किंवा ते कापलेले दिसतात. साध्या पदराच्या साडीला काही आठवडे लागतात आणि भरजरी पदराला अनेक महिने. म्हणजे ग्राहक जे पैसे मोजतो त्यातला मोठा वाटा रेशमाचा नसतो, जरीचाही नसतो. तो मजुरीचा असतो. आता सराफाचा व्यवहार आठवून पाहा. मोड घालताना तोदेखील घडणावळ परत देत नाही. कारागिराने पाटल्यांवर कितीही बारीक काम केलेले असो, परत येते ते सोन्याचे मोल. दागिन्यात घडणावळ थोडी आणि धातू पुष्कळ असल्यामुळे हा तोटा सोसवतो. पैठणीत नेमके उलटे प्रमाण आहे, म्हणून तिथे जवळजवळ सगळेच बुडते. काम जितके बारीक तितके नुकसान मोठे, असा हा उफराटा हिशेब आहे.

जुन्या पैठणीला गावोगावी एक गिऱ्हाईक वर्षानुवर्षे आहे, ते म्हणजे जुन्या जरीच्या साड्या घेणारा फिरता व्यापारी. जुन्या काळच्या अस्सल जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळलेली असे आणि तिला सोन्याचा मुलामा दिलेला असे. आजही अस्सल जर म्हणून जी विकली जाते तिच्या वजनात चांदी निम्म्याहून अधिक असते आणि सोने जेमतेम टक्काभर किंवा त्याहूनही कमी. व्यापारी काठ-पदर घासून पाहतो, आत तांबूस झाक दिसली तर टेस्टेड जर म्हणून बाजूला सारतो आणि पांढरी चांदी दिसली तर वजनावर भाव करतो. पुढे ती साडी जाळली जाते आणि राखेतून धातू गाळला जातो. एखाद्या विणकराचे कित्येक महिने त्या भट्टीत जातात हे वाचून वाईट वाटेल, पण व्यापाऱ्याला राक्षस ठरवण्याचे कारण नाही. त्या साडीत त्याला खात्रीने मोजता येते ती फक्त चांदी. ज्या साडीत चांदीही नाही ती बोहारणीकडे जाते आणि तिच्या बदल्यात स्टीलचे पातेले किंवा डबा येतो. बोहारीण काठ, वीण, डाग हे सगळे बारकाईने पाहते, तिची नजर पुष्कळ दुकानदारांपेक्षा पक्की असते. पण पुढे ती ज्याला विकणार तो जुना कपडा म्हणूनच घेणार आहे, हेही तिला माहीत असते. म्हणून तिचाही भाव त्यापलीकडे जात नाही. आणि आता सुरतेहून येणारी तांब्याची किंवा प्लास्टिकची जरच बहुतेक ठिकाणी वापरली जात असल्याने, अलीकडच्या पैठणीला चांदीचा आधारही उरलेला नाही.

अर्थशास्त्रात या कोंडीची मांडणी जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये केली. त्यांचे उदाहरण जुन्या मोटारींचे होते. गाडी चांगली की खराब हे विकणाऱ्याला कळते, घेणाऱ्याला कळत नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही, तो बाजारातून निघून जातो. मागे खराब गाड्यांचे प्रमाण वाढते, ते ओळखून घेणारा भाव आणखी पाडतो, मग त्यातल्या बऱ्या गाड्याही निघून जातात. या विचारासाठी त्यांना २००१ मध्ये मायकेल स्पेन्स आणि जोसेफ स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल मिळाले. पैठणीला हे सूत्र मोटारीपेक्षा अधिक चपखल लागू पडते. मोबाइलवर जुनी पैठणी विकायला ठेवली, तर पाहणाऱ्याला फोटोत रंग दिसतो, मोर दिसतो. हातमाग दिसत नाही. बाजारात सेमी पैठणीचा, म्हणजे यंत्रमागावरच्या साडीचा, एवढा भरणा आहे की समोरची साडी तशीच असणार असे धरूनच तो भाव सांगतो. ज्या बाईची साडी खरोखर हातमागाची आहे तिला तो भाव अपमानास्पद वाटतो आणि ती साडी पुन्हा ट्रंकेत जाते. विकायला उरतात त्या बहुतेक सेमीच. पुढचा गिऱ्हाईक मग म्हणतो, ‘पाहा, जुन्या पैठण्या अशाच असतात,’ आणि त्या बाजारापुरते त्याचे बरोबरही असते.

ही गरीब भागाची किंवा अडाणी गिऱ्हाइकाची अडचण आहे असे वाटत असेल तर पॅरिस आणि न्यूयॉर्कच्या पर्सांकडे पाहावे. तिथेही हेच चालते, फक्त आकडे मोठे. अमेरिकेतील ‘द रिअलरिअल’ ही कंपनी २०११ मध्ये याच भरवशावर उभी राहिली की आमचे जाणकार प्रत्येक वस्तू तपासतात. २०१८ मध्ये शनेलने तिच्यावर दावा लावला; तुमच्याकडे आमच्या नावाच्या बनावट पर्सा विकल्या गेल्या, असा आरोप होता. ‘व्हॉट गोज अराउंड कम्स अराउंड’ या दुसऱ्या जुन्या मालाच्या दुकानाविरुद्धच्या शनेलच्या खटल्यात फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यूरीने ४० लाख डॉलरची भरपाई ठरवली. त्याआधी टिफनीने ईबेवर लावलेला दावा मात्र २०१० मध्ये अपिलात फेटाळला गेला. बनावट माल हुडकण्याची मुख्य जबाबदारी ब्रँडची, केवळ जागा पुरवणाऱ्याची नाही, असा त्याचा साधारण सूर होता. या सगळ्यात साधा गिऱ्हाईक शिकला तो असा की पर्सइतकाच तिचा डबा, धूळपिशवी आणि मूळ बिल जपायचे. आता रिकामे डबे आणि पिशव्याही ऑनलाइन विकल्या जातात. पुराव्यालाच किंमत आली की पुराव्याचाही बाजार भरतो, आणि ज्याने रिकामा डबा विकत घेतला त्याला त्यात काय ठेवायचे असेल हे सांगायला नको. उलट टोकाचे उदाहरण अभिनेत्री जेन बर्किन यांच्या पर्सचे. एर्मेसने १९८० च्या दशकात त्यांच्यासाठी बनवलेली पहिली बर्किन जुलै २०२५ मध्ये पॅरिसला सदबीजच्या लिलावात सुमारे ८६ लाख युरोंना गेली. ती चांगलीच वापरलेली, ओरखडे पडलेली होती. पण ती कोणाची, कुठून कुठे गेली याची नोंद अखंड होती, म्हणून तिच्यावरच्या ओरखड्यांनीही भाव वाढवला.

इथे पहिला आक्षेप येतो तो संस्काराचा. आपल्याकडे दुसऱ्याने अंगावरून उतरवलेले वस्त्र घेत नाहीत, मग जुन्या साडीला भाव येणार कसा? आक्षेप खोटा नाही. सासूची पैठणी सून अभिमानाने नेसते, अनोळखी बाईची नेसायला कचरते. गेलेल्या माणसाच्या कपड्यांबद्दल तर घरोघरी पाळणूक असते. पण हा संकोच वाटतो तेवढा चिवट नाही. लग्नात नवरदेवाची शेरवानी भाड्याची असते, ती त्याच्याआधी कितीतरी नवरदेवांनी घातलेली असते आणि ते सगळ्यांना ठाऊक असते. शहरांत शालू आणि घागरेही भाड्याने मिळतात, छायाचित्रापुरते दागिनेही. सोने तर वापरलेलेच असते, कोणाच्या तरी मोडीतून गाळलेले, पण मंगळसूत्र करताना ते आधी कोणाच्या गळ्यात होते हे कोणी विचारत नाही. म्हणजे वापरलेल्याची शिसारी हा अडथळा असला तरी भाव योग्य आणि खात्री पक्की असेल तिथे माणसे तो ओलांडतात. जुना ट्रॅक्टर घेताना कोणी विटाळ मानत नाही, कारण आरसी बुक हातात असते आणि त्यावर आधीचा मालक, वर्ष आणि चेसिसचा नंबर लिहिलेला असतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. चैनीची वस्तू ही गुंतवणूक नाहीच. नेसण्याचे सुख घेतले, हळदीकुंकवात मिरवले, ते पैसे वसूल झाले. उरलेल्याचा शोक कशाला? शिवाय दुकानातल्या किमतीत दुकानाचे भाडे, कर, मध्यस्थाचा नफा असतो, तो दुसऱ्या वेळी कोणीच परत देणार नाही. हे मान्य करायला हवे, आणि ज्या जाहिराती पर्स किंवा पैठणी ‘सोन्यासारखी’ म्हणून विकतात त्यांच्यावर विश्वास ठेवू नये, हेही. जुन्या वस्तूच्या मालकाला आपली वस्तू बाजारभावापेक्षा नेहमीच मोलाची वाटते, हा माणसाचा स्वभाव आहे. रेशीमही अमर नाही: वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेली साडी घडीवर चिरते, चांदीची जर हवेतल्या गंधकाने काळवंडते. तरीही एवढ्याने हिशेब पूर्ण होत नाही. वापराने झिजले तेवढे गेले, दुकानाचा नफा गेला, हे वजा केल्यावरही चांगल्या हातमागाच्या साडीत जे उरते आणि तिला जे मिळते त्यात मोठी दरी राहते. तीच साडी, तिचा इतिहास माहीत असलेल्या मावशीने भाचीसाठी घ्यायची म्हटली, तर ती बोहारणीच्या कितीतरी पट देईल. दोघींच्या भावातला फरक साडीच्या झिजेचा नाही, माहितीचा आहे.

मग तिसरा आक्षेप: खात्रीच्या खुणा आहेत की! पैठणीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. केंद्रीय रेशीम मंडळाच्या पुढाकाराने २००४ पासून सिल्क मार्क आहे, २००६ पासून हँडलूम मार्क आहे. खुणा खऱ्या आहेत, पण त्या पहिल्या विक्रीसाठी घडवलेल्या आहेत. सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे एवढेच सांगतो. माग कोणता, जर कसली, यावर तो बोलत नाही. शुद्ध रेशमाची यंत्रमागावरची साडीही ते लेबल रीतसर मिरवू शकते. शिवाय ही लेबले दोऱ्याने अडकवलेली किंवा शिवलेली असतात आणि घडी मोडताना सर्वात आधी त्यांनाच कात्री लागते. कारण लेबल लोंबणारी साडी नेसून कोणी मांडवात जात नाही. सोन्याची गोष्ट वेगळी कशी झाली ते पाहण्यासारखे आहे. हॉलमार्किंग २००० मध्ये सुरू झाले तेव्हा ऐच्छिक होते. जून २०२१ मध्ये ते २५६ जिल्ह्यांत सक्तीचे झाले आणि १ एप्रिल २०२३ पासून सक्तीच्या जिल्ह्यांत सहा अक्षर-अंकी एचयूआयडी नसलेला नवा दागिना सराफाला सहसा विकता येत नाही. हा क्रमांक दागिन्यावरच कोरलेला असतो, कोणालाही तो बीआयएस केअर ॲपवर तपासता येतो, आणि दागिना कितीही हातांतून गेला तरी तो त्याच्याबरोबर जातो. अर्थात त्याआधीही सराफाकडे कसोटीचा दगड होताच. पैठणीला ना दगड, ना कोरलेला आकडा. जाता जाता हेही नोंदवावे की याच बीड जिल्ह्यातले शेतकरी तुती लावून रेशीमकोष पिकवतात आणि बाजारात त्या कोषांची प्रत पाहून लिलावात बोली लागते. कच्च्या मालाला प्रत आहे, त्यापासून विणलेल्या महावस्त्राला नाही.

परदेशी ब्रँडांनी पुराव्याच्या या अडचणीवर यंत्राचा तोडगा काढला आहे. एलव्हीएमएच, प्राडा आणि कार्टिए यांनी २०२१ मध्ये ‘ऑरा’ नावाचा ब्लॉकचेन संघ काढला, शनेलने अस्सलपणाचे कार्ड बंद करून पर्सेत चिप बसवायला सुरुवात केली. पण यातून आधीच विकल्या गेलेल्या लाखो वस्तूंना काही मिळत नाही. चिप खरी असली तरी ती ज्या कातड्यात बसवली आहे ते खरे आहे हे ती स्वतःहून सिद्ध करत नाही. आणि नोंदवहीची किल्ली ब्रँडकडेच राहते. आपल्या नव्या मालाशी स्पर्धा करणाऱ्या जुन्या मालाला मदत करण्याची त्याला घाई असेल असे मानायला जागा नाही. कायदा तसा पुनर्विक्रीच्या आड येत नाही. भारताच्या १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याचे ३० वे कलम कायदेशीर मिळवलेली वस्तू पुढे विकू देते, फक्त तिची अवस्था बदलून किंवा बिघडवून ती विकली तर मालक हरकत घेऊ शकतो. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये लूबूटँ या बुटांच्या ब्रँडच्या खटल्यात, केवळ मध्यस्थ म्हणवून घेणाऱ्या संकेतस्थळांना जबाबदारी झटकता येत नाही असे सांगितले. अडचण आहे ती एका घराने दुसऱ्या घराला विकण्यात. विकणारी बाई व्यापारी नाही, त्यामुळे फसवणूक झाली तर ग्राहक आयोगाचा रस्ता सहसा उघडत नाही.

व्यवस्था जमली कुठे, तर जपानमध्ये. तिथे १९४९ पासून जुन्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी वेगळा कायदा आहे, परवाना लागतो, विकायला येणाऱ्याची ओळख नोंदवावी लागते. नागोयाचे कोमेह्यो हे दुकान जुन्या कपड्यांच्या धंद्यातून १९४७ मध्ये सुरू झाले आणि आज महागड्या जुन्या वस्तूंचे मोठे नाव आहे. त्याच्या धंद्याची रीत साधी आहे: दुकान माल तपासून स्वतःच्या पैशाने विकत घेते आणि मग स्वतःच्या नावाने विकते. म्हणजे चूक झाली तर आधी त्याचा खिसा जातो. फोटो टाकायला जागा देऊन दलाली घेणाऱ्या ॲपला असे काही जोखमीला लावावे लागत नाही, आणि मला वाटते आपल्याकडच्या ऑनलाइन जुन्या बाजाराची खरी उणीव तीच आहे. तपासणीचे ज्ञान कमी आहे असे नाही. पैठण आणि येवल्याचा कोणताही विणकर पदर उलटून पाहताच साडी कोणत्या मागाची ते सांगेल. पण त्याने सांगितलेले लेखी उतरत नाही, त्या शब्दापोटी कोणी पैसे गुंतवत नाही आणि त्या सल्ल्याची फी त्याला मिळत नाही.

विणणारे आणि विकणारे साडीवरच असा लेखी पुरावा का ठेवत नाहीत, याचेही कारण आहे. पदराच्या कोपऱ्यात विणकराचे नाव, वर्ष आणि मागाचा क्रमांक विणून टाकणे तांत्रिकदृष्ट्या मोठे अवघड नाही. जो मोराचा पिसारा विणतो त्याला चार अक्षरे जड नाहीत. पण तसे नाव असलेल्या साड्या दुकानात आल्या की नाव नसलेल्या साड्यांकडे गिऱ्हाईक संशयाने पाहू लागेल आणि दुकानातला जास्त माल त्याच नाव नसलेल्या बाजूला असतो. दोन्ही साड्या ‘पैठणी’ या एकाच नावाने विकण्यात ज्याची सोय आहे, तो ही रेघ स्वतःहून ओढणार नाही.

तोवर बस्ता बांधणाऱ्याच्या हातात एक गोष्ट आहे, ती म्हणजे बिल. १९३० च्या मालविक्री कायद्याचे १५ वे कलम सांगते की वर्णन करून माल विकला तर माल त्या वर्णनाबरहुकूम असलाच पाहिजे. बिलावर ‘हातमागाची पैठणी, शुद्ध रेशीम, जर टेस्टेड’ असे लिहून घेतले, तर ते वाक्य दुकानाला बांधून घेते आणि वीस वर्षांनी साडी घेणाऱ्या तिसऱ्या माणसाला वाचायलाही काहीतरी मिळते. सोबत पदराच्या उलट्या बाजूचा एक स्वच्छ फोटो असावा, म्हणजे फोन पाहणाऱ्यालाही वीण कळेल. लग्नसराईत दुकानांतून सर्रास मिळणारे बिल मात्र ‘साडी, १ नग’ एवढेच म्हणते. वर्णन लिहून द्या म्हटल्यावर ज्या दुकानदाराची लेखणी अडते, त्याच्याकडची साडी कोणत्या मागाची हे तिथेच बरेचसे कळते, आणि तेही पैसे मोजायच्या आधी.